बागेला खाडा चालत नाही

बागेत वर्षातला एकही दिवस फुलावाचून जाता कामा नये, असं कंट्रोलरांनी एका मंगळवारी सकाळी चहा गाळता गाळता ठरवलं. ठरवण्याच्या नादात निम्मा चहा कपाऐवजी ओट्यावर गाळला, तो भाग वेगळा. (मोठे निर्णय घेताना माणसानं हातात गरम भांडं धरू नये, हे त्यांना चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.)

कंट्रोलर हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. ते बसस्टँडवर वाहतूक सांभाळायचे. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठल्या फलाटावर लागणार, कुठला ड्रायव्हर रजेवर आणि त्याच्या बदली कोण, हे सगळं त्यांच्या ड्यूटी चार्टवर असायचं आणि समोर माइक असायचा. आवाज असा खणखणीत, की बाकड्यावर झोपलेला प्रवासी दचकून उठायचा आणि घाईघाईत दुसऱ्याच गाडीत जाऊन बसायचा. निवृत्त झाले तरी गल्लीत त्यांना कंट्रोलरच म्हणत. त्यांच्या बायकोला मात्र सगळे काकू म्हणत, कारण त्यांनी कधी कुणाला कंट्रोल केलं नव्हतं.

काकू अंथरुणाला खिळल्या होत्या. आजार पाठीच्या मणक्यांचा होता, आणि तो मणक्यांत मुक्काम करून थांबणारा नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, उताणं झोपवून ठेवायचं, बसवायचं नाही, उशी दिलीत तर चपटी द्या. मग कंट्रोलरांना बाहेर व्हरांड्यात नेऊन, चष्मा पुसत पुसत, वर्षभराची मुदत सांगितली. कंट्रोलरांनी आयुष्यभर लोकांना गाड्यांच्या सुटायच्या वेळा सांगितल्या होत्या. अशी वेळ त्यांना कुणी सांगायची ही पहिलीच खेप होती.

त्यानंतर दीड महिना ते काकूंच्या पलंगाजवळच्या खुर्चीत बसून होते. हात गुडघ्यांवर, तोंड बंद. जेवा म्हटलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे. लांबच्या शहरातून मुलीचा फोन आला की "हं, हं" करून ठेवून द्यायचे. काकूंचं औषधपाणी बघायला रोज सकाळी एक सिस्टर यायच्या; त्यांना पहिले चार दिवस वाटलं, आपल्याला दोन पेशंट सांभाळायचे आहेत की काय.

एका सोमवारी काकू सहज म्हणाल्या, "खिडकीतून नुसती भिंत दिसते हो."

मंगळवारी चहा सांडला.

खिडकी आणि शेजारच्या कुंपणाची भिंत यांच्यामध्ये आठ फूट लांब आणि तीन फूट रुंद असा मातीचा तुकडा होता. आतापर्यंत त्याचा उपयोग जुनी बादली ठेवण्यापुरता होता. कंट्रोलर त्या तुकड्याचं माप घेऊन नर्सरीत गेले.

"बारा महिने फूल पाहिजे," ते म्हणाले.

"मग सदाफुली लावा. दुसरं काही बघायलाच नको."

"एकच गाडी बारा महिने पळवायची? आणि ती बंद पडली तर?"

"गाडी?"

"स्पेअर काय ठेवायची?"

नर्सरीवाल्यानं मागे वळून पाहिलं, रस्त्यात कुणाची गाडी बंद पडलीय का. रस्ता मोकळा होता. त्यानं पुढच्या तासाभरात एकोणीस जातींची रोपं, तीन प्रकारची खतं आणि एक झारी दिली, आणि कंट्रोलर गेल्यावर खुर्चीत बसून पाणी प्यायला.

घरी आल्यावर कंट्रोलरांनी दीड हात लांबीचा कागद घेतला आणि पट्टीनं रेघा मारल्या. फुलाचं नाव, ड्यूटीवर हजर होण्याची तारीख, ड्यूटी संपण्याची तारीख, बदली कोण, शेरा. उन्हाळ्यात बुटकं सूर्यफूल, त्याच्या बदली गुलबक्षी. पावसात कर्दळ आणि लिली. मग अॅस्टर, डेलिया, थंडीत शेवंती, आणि अधल्यामधल्या दिवसांना झेंडू, जो कुठल्याही वेळी बोलावला तरी तक्रार न करता हजर होतो. गुलाबाच्या शेऱ्यात लिहिलं, "नखरे आहेत. समज दिली." चार्ट स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. वर लाल शाईत लिहिलं : खाडा चालणार नाही.

पहिलं सूर्यफूल उमललं त्या सकाळी कंट्रोलर बाहेरून खिडकीशी आले, घसा साफ केला, आणि कित्येक दिवसांनी प्रथमच त्यांचा तो आवाज घरात घुमला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. फलाट क्रमांक एकवर सूर्यफूल, पिवळं, तोंड पूर्वेला, आठ वाजून दहा मिनिटांनी हजर आहे."

काकू खुदकन हसल्या. सिस्टरांच्या हातातला थर्मामीटर पडता पडता वाचला.

"छान आहे हो!" काकू म्हणाल्या. "अगदी टवटवीत!"

तेव्हापासून हे रोजचंच झालं. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी घोषणा. आज कोण हजर, कोण रजेवर, कोणाला उशीर. काकू ऐकून दाद द्यायच्या. गुलबक्षीचा रंग काय खुललाय, लिली कशी मान वळवून बसलीय. डॉक्टर आले की खिडकीत उभे राहून "वा, वा" म्हणायचे. मुलगी फोनवर फुलं बघायची आणि म्हणायची, "आई, तुझी तर मजा आहे." काकू म्हणायच्या, "आहेच मुळी."

कंट्रोलरांची शिस्त मात्र स्टँडवरचीच. कमरेच्या वर कुठल्याही झाडानं जायचं नाही, कारण मग काकूंचा उजेड अडतो. पावसात एकदा कर्दळ ऐकेना. सरळ पुरुषभर वाढली आणि टोकाला लालभडक फूल घेऊन उभी राहिली. कंट्रोलर कात्री घेऊन निघाले.

"राहू द्या की ती," काकू आतून म्हणाल्या.

"हद्द सोडून चाललीय. उद्या सगळीच चढतील डोक्यावर."

"एक राहिली तर काय बिघडतं?"

"नियम म्हणजे नियम," कंट्रोलर म्हणाले, आणि कर्दळ कमरेएवढी झाली. काकूंनी मान दुसऱ्या बाजूला वळवली. त्या दिवशी दुखतही जास्त होतं.

असे आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत काकू आणखी बारीक झाल्या, हात उचलायचा तर आधी विचार करावा लागे. पण बागेला खाडा पडला नाही. कंट्रोलरांच्या मनानं कुठेतरी असा हिशेब धरला होता, की बाग थांबली नाही तर बाकीचंही काही थांबणार नाही. हा हिशेब त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. सांगण्यासारखा नव्हताच तो.

आणि मग पावसानं घात केला. जाता जाता असा आठवडाभर कोसळला, की अॅस्टर मुळापासून कुजला. त्याची बदली डेलिया. त्याच्या कळ्या काळ्या पडून गळाल्या. झेंडू, हा आपला हुकमी माणूस, तोही माना टाकून बसला. शेवंतीला अजून पंधरा दिवस होते. मुख्य गाडी बंद, स्पेअर बंद, आणि स्टँडवर प्रवासी एकटा. कंट्रोलर चिखलात उभे राहून त्या काड्यांकडे बघत राहिले.

ते तडक बाजारात गेले आणि एका दुकानातून प्लास्टिकचे अकरा डेलिया घेऊन आले. दुकानदार म्हणाला होता, "अगदी खऱ्यासारखे आहेत. रंग जात नाही, पाणी लागत नाही, मरत नाहीत." शेवटचे दोन शब्द ऐकून कंट्रोलर दुकानात उगाचच थोडा वेळ थांबले होते. घरी येऊन त्यांनी ते डेलिया वाळक्या काड्यांना तारेनं बांधले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी घोषणा झाली. "फलाट क्रमांक दोनवर डेलिया, केशरी, एकूण अकरा..." आवाज जरा घसरला.

"अगंबाई, अकरा!" काकू म्हणाल्या. "आणि रंग तर बघा!"

कंट्रोलरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौतीस वर्षांत त्यांनी न आलेली गाडी आली म्हणून कधी सांगितली नव्हती. आणि आता फसवलं ते कुणाला, तर जी उठून खात्री करू शकत नाही तिला! दिवसभर त्यांना जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी घोषणा उरकून ते औषधं आणायला गेले. परत येताना वारा सुटला होता. फाटकातून आत येऊन बघतात तर अकराच्या अकरा डेलिया जमिनीवर पालथे पडलेले आणि तारा वर आलेल्या. काड्या उघड्या. झालं, चोरी पकडली गेली. कंट्रोलरांनी मनाशी माफीची वाक्यं जुळवली आणि मान खाली घालून खोलीत गेले. सिस्टर चादर बदलत होत्या.

"अगं, मी तुला..."

"डेलिया काय दिसतायत हो आज!" काकू म्हणाल्या. "वाऱ्यावर कसे डुलतायत."

कंट्रोलरांनी खिडकीतून पाहिलं. बाहेर अकरा काड्या उभ्या होत्या, त्याही डुलत नव्हत्या.

आजार डोळ्यांत शिरला! डॉक्टरांनी याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

"ही किती बोटं आहेत?" त्यांनी हात पुढे केला.

"तीन. आणि अंगठ्याचं नख वाढलंय, कापा."

"बरं, समोरचं कॅलेंडर दिसतं का?"

"दिसतं की. खाली छापखान्याचा फोन नंबर आहे, वाचून दाखवू?"

"आणि... डेलिया दिसतायत?"

"म्हणजे काय? केशरी, अकरा."

सिस्टरांनी चादर खाली ठेवली. "काकू, आता पुरे झालं हं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला शपथ घातलीय म्हणून आठ महिने गप्प बसले. काका, जरा खाली बसा, आणि त्यांच्या उशीला डोकं लावून बाहेर बघा."

कंट्रोलर गुडघ्यांवर बसले. गुडघे कडकड वाजले. त्यांनी काकूंच्या चपट्या उशीच्या कडेला डोकं टेकलं आणि खिडकीकडे पाहिलं.

खिडकीच्या चौकटीची खालची कड दिसत होती. तिच्यावर दोन गज. पलीकडे कुंपणाच्या भिंतीचा वरचा हातभर भाग, त्यावर ओलीचा डाग. त्याच्या वर आभाळ. हिरवं पानसुद्धा नव्हतं.

बाहेरून उभं राहून बघितलं की बाग दिसायची. खुर्चीत बसून बघितलं तरी दिसायची. डॉक्टरांना दिसली, फोनवर मुलीला दिसली, दूधवाल्याला दिसली. जिच्यासाठी लावली ती सोडून सगळ्यांना दिसली.

"मग तुला काय दिसायचं?" त्यांनी विचारलं. डोकं तसंच उशीवर होतं.

"तुम्ही उभे असलात की तुमचं कपाळ. वाकलात की तेही नाही."

"एकही फूल नाही?"

"कर्दळ दिसली होती ना. दोन दिवस. लाल होती," काकू म्हणाल्या. "मग तुम्ही कात्री घेऊन आलात."

कंट्रोलर रडले. चांगले मोठ्यानं, नाक ओढत रडले. सिस्टर चहा करायच्या निमित्तानं आत गेल्या.

"एका शब्दानं सांगायचं नाही का गं?"

"कसं सांगू? त्या खुर्चीत बसून होतात, हात गुडघ्यांवर ठेवून. मला वाटायचं, माझ्याआधी हेच जातायत. ती बाग सुरू झाली आणि तुम्ही बोलायला लागलात. जेवायला लागलात. चार्ट कसला करताय, खत कसलं आणताय, गुलाबाला काय ओरडताय! मी म्हटलं, चालू दे." काकूंना दम लागला. तो ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "आणि तुमचं हे नेहमीचंच आहे. चौतीस वर्षं गाड्या सोडल्यात. एकदा तरी एखादीत बसून पाहिलंत का?"

नव्हतं पाहिलं. घर स्टँडच्या समोर, सासुरवाडी दोन गल्ल्या पलीकडे. त्यांच्या वेळापत्रकात एक गाडी पोचायची आणि पुढच्या प्रवासाची गाडी पाच मिनिटं आधी निघून गेलेली असायची. लोक वर्षानुवर्षं तक्रार करायचे. कंट्रोलर त्यांना कागद दाखवून पटवून द्यायचे की गाडी चुकूच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. बाग वर नेता येत नसेल तर प्रवाशाला वर घ्यायचं, असं ठरलं होतं. पलंगाच्या चारी पायांखाली पाच-पाच विटा लावल्या. एका पायाखालची वीट जरा झिजकी निघाल्यामुळे पलंग कललेला वाटायचा. तिथे कंट्रोलरांनी जुन्या ड्यूटी चार्टची घडी सरकवली. सिस्टरांना आता स्टुलावर चढून औषध द्यावं लागे. डॉक्टर आले, त्यांनी हात वर करून नाडी बघितली आणि म्हणाले, "आता यापुढे पेशंटनं मला तपासायचं का?" मग त्यांनी कंट्रोलरांना बाहेर व्हरांड्यात नेलं. या वेळी त्यांनी महिने म्हटलं नाही, आठवडे म्हटलं.

काकूंनी मान वळवून बाग पहिल्यांदा पाहिली.

"हीच का ती?"

"सध्या खाडा आहे," कंट्रोलर पुटपुटले.

"एवढीशी?"

"आठ बाय तीन."

"हं," काकू म्हणाल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "ते प्लास्टिकचं उचला हो तिथून. बरं नाही दिसत."

त्यानंतर कंट्रोलर शेवंतीच्या मागे लागले. सकाळ-संध्याकाळ पाणी. मुळाशी माती मोकळी कर. कळ्यांशी बोलणं, आधी साहेबी आवाजात, मग विनवणीच्या. नर्सरीवाल्याला दिवसातून दोनदा फोन. तो शेवटी म्हणाला, "काका, फूल आहे ते. त्याला घाई कळत नाही." कंट्रोलर म्हणाले, "मला कळते ना!" आणि फोन ठेवून दिला.

बाराव्या दिवशी शेवंतीची पहिली कळी उघडली. कोटाच्या बटणाएवढी. कंट्रोलर धावत आत आले, घोषणाबिषणा विसरले. "बघ!"

काकूंनी बघितलं. नीट, डोळे बारीक करून बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "विटा काढा हो आता."

"का? दुखतंय?"

"दुखतंय ते आहेच. पण तुम्ही सांगायचात ती बाग याच्यापेक्षा चांगली होती." त्यांनी कंट्रोलरांच्या मनगटाला हात लावला. "इथून सुकलेली पण दिसतात. तुम्ही त्यांची घोषणा कधी केली नव्हती."

दुपारी गवंडी पुन्हा आला. असं काम त्यानं पूर्वी केलं नव्हतं, असं तो जाताना म्हणाला.

काकू खाली आल्या, आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी घोषणा पुन्हा सुरू झाली. आता चार्टची भानगड उरली नव्हती. कंट्रोलरांनी आयुष्यात प्रथमच वेळापत्रकाबाहेरच्या गाड्या सोडल्या. थंडीत गुलबक्षी आणली. लिली आणि सूर्यफूल एकाच दिवशी हजर केली. कुठल्याही नर्सरीत मिळणार नाहीत असे निळे झेंडू फलाट तीनवर लावले. काकू डोळे मिटून ऐकायच्या. दाद द्यायला आवाज उरला नव्हता, म्हणून एक बोट हलवायच्या. कंट्रोलर त्या बोटाकडे बघून बोलायचे, आणि बोट थांबलं की खिडकीबाहेर भिंतीला टेकून उभे राहायचे.

एका गुरुवारी बोट हललंच नाही. सिस्टरांनी हाक मारली म्हणून कंट्रोलर आत आले, पलंगाशी गुडघे टेकले आणि तिथूनच, कानाशी, हळू आवाजात त्यांनी त्या दिवसाची बाग सांगितली. सगळी फुलं हजर केली. एकही रजेवर नाही. सूर्यफुलं चाळीस, कर्दळी तर रांगेनं, सगळ्या उंच, एकीलाही कात्री नाही.

काकूंनी डोळे उघडले. ओठ हलले. कंट्रोलरांनी कान जवळ नेला. बेचाळीस वर्षांचा संसार होता. माणसाला काहीतरी अपेक्षा असते.

"अहो," काकू म्हणाल्या, "एवढी नाही मावायची. जागा बघितलीय मी."

त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी गेल्या.

मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. गाडी तिची चुकली होती. पुढची मिळेपर्यंत तीन तास कुठल्यातरी स्टँडवर बसून राहिली होती. माणसं येऊन गेली, खोली रिकामी झाली, तेव्हा ती बापाजवळ जमिनीवर येऊन बसली.

"बाबा, आई शेवटी काही म्हणाली का?"

कंट्रोलरांनी घसा साफ केला. मुलीला सोबत नेता येईल असं काहीतरी चांगलं सांगावं, असं त्यांच्या फार मनात होतं. आशीर्वाद, निदान तिचं नाव. ती भरल्या डोळ्यांनी वाट बघत होती. पण त्यांना काही सुचेना, आणि त्यांनी जे घडलं तेच सांगितलं.

मुलगी ऐकत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली, ते थांबेचना. कंट्रोलर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"चाळीस सूर्यफुलं सांगितलीत तुम्ही?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"हो."

"आणि खरंच किती फुलं होती त्या दिवशी?"

कंट्रोलरांनी जरा विचार केला. आता खोटं सांगायचं काही कारण उरलं नव्हतं.

"दीड," ते म्हणाले. "अर्धं अजून उमलायचं होतं."